परत किती वाजता येशील?

आमचे घाटकोपरचे घरमालक कोणालाही पगार विचारत नसत. नवा भाडेकरू खोली बघायला आला की त्यांचे प्रश्न दोनच. "घरातून किती वाजता निघता? परत किती वाजता येता?" समोरचा माणूस गोंधळून आपल्या कंपनीचं नाव सांगायचा, हुद्दा सांगायचा. मालक मान हलवायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. वेळ कळल्याशिवाय माणूस कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली होती. एका बोटीच्या कंपनीत ते हेडक्लार्क होते. फंडाच्या पैशांतून टेकडीच्या उतारावर हे एकमजली घर बांधलं, खाली आम्हा चार बिऱ्हाडांना जागा दिली, वर दोन खोल्यांत स्वतः आणि काकू राहायला लागले. मूलबाळ नव्हतं. लोक विचारत, "अहो, चांगली नोकरी का सोडलीत?" तर ते म्हणत, "सोमवारी सकाळी अकरा वाजता ओट्यावर बसून पेरू खायचा होता, म्हणून." आणि खरोखरच ते दर सोमवारी अकरा वाजता, अंगात बनियन आणि त्यावर ऑफिसातला जुना काळा कोट घालून, ओट्यावर पेरू खात बसत. पेरूचा हंगाम नसला तर काकडी. कोट का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याला बिचाऱ्याला कुठं सोमवार बघायला मिळाला होता?"

कोपऱ्यातल्या खोलीत एक अविवाहित गृहस्थ राहत, विमा कंपनीतले. त्यांची चौकशी करायला एकदा मुलीचे वडील आले. साहजिकच घरमालकांना गाठलं. मुलगा कसा आहे, व्यसन वगैरे काही, मिळवतो किती?

मालक म्हणाले, "मिळवतो किती ते मला माहीत नाही. रात्री पावणेआठला येतो. आल्यावर दहा मिनिटं ओट्यावर गप्प बसतो, बूटसुद्धा काढत नाही. मग आत जातो. मुलीला ती दहा मिनिटं चालतील का, तेवढं विचारा."

मुलीचे वडील रागावून गेले. पण घरी जाऊन त्यांनी ते सांगितलं असावं, कारण लग्न झालं. पुढे त्या नव्या वहिनी आम्हाला हसून सांगत, "मला एवढंच माहीत होतं यांच्याबद्दल. पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं काही बोललेच नाही."

तर अशा माणसाकडे मी माझं नेमणुकीचं पत्र घेऊन गेले.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आई आणि मी. आई नऊ डबे करायची, ऑफिसात जाणाऱ्या नऊ माणसांचे. पहाटे चारला उठायची. पोळ्या मी लाटायचे, भाजी-आमटी तिची. पावणेदहाला डबेवाला येऊन डबे घेऊन गेला की मी तयार होऊन जवळच्या एका शाळेच्या ऑफिसात जायचे. अकरा ते पाच. तिथं पंच्याहत्तर रुपयांवर मी फीच्या पावत्या फाडायचे आणि रजिस्टरात नावं चढवायचे. मॅट्रिकनंतर मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, पण शाळेचं यंत्र हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात असे. त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

आणि आता माहुलच्या बाजूला निघालेल्या एका नव्या रंगाच्या कारखान्याचं पत्र आलं होतं. जाड कागद, इंग्रजी टाईप. टायपिस्ट, एकशेचाळीस रुपये. कामाची वेळ आठ ते साडेपाच. घाटकोपर स्टेशनजवळून कारखान्याची गाडी सात पाचला सुटणार. पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा.

आईनं पत्र देवापुढे ठेवलं होतं. पण सकाळी सातला मी निघून गेले तर पोळ्या कोण लाटणार, हे ती बोलत नव्हती आणि मीही बोलत नव्हते. जवळजवळ दुप्पट पगार. नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर आईचं काय? शेवटी आईच म्हणाली, "मालकांना विचारून ये गो. त्यांना त्यातलं कळतं."

मालकांनी पत्र वाचलंसुद्धा नाही. "परत किती वाजता येशील?"

"सव्वासहापर्यंत."

"निघशील किती वाजता?"

"पावणेसातला."

"शाळेला सुटी लागलीय ना?"

मे महिना होता. सुटी लागली होती.

"मग उद्यापासून चार दिवस ही नोकरी कर."

मला आधी कळलंच नाही. ते शांतपणे समजावून सांगू लागले. कापड घेताना आपण अंगाला लावून बघतो, चप्पल घालून दोन पावलं चालून बघतो. नोकरी तेवढी न बघता घेतो आणि मग तीस वर्षं चावते म्हणून ओरडतो. त्यांच्याकडे कंपनीनं लिलावात काढलेलं टाइपरायटरचं एक यंत्र होतं. ते वरच्या आतल्या खोलीत मांडायचं. मी पावणेसातला घरून निघायचं, स्टेशनपर्यंत चालत जायचं. गाडीतल्या प्रवासाला लागेल तेवढा वेळ तिथल्या बाकावर बसून काढायचा. मग टेकडी चढून परत येऊन आठला कामावर हजर. संध्याकाळी साडेपाचला सुटलं की पुन्हा खाली बाकावर जायचं आणि सव्वासहाला घरी. मध्ये काही झालं तरी खाली आईकडे जायचं नाही.

"खालून आईनं हाक मारली तर?"

"माहुलला ऐकू येईल का?"

पहिल्या दिवशी मी बाकावर बसले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळखीची दोन माणसं विचारून गेली, "कोणाची वाट बघतेस गं?" काय सांगणार? आठला वर गेले तर मालक कोट घालून टेबलामागे बसलेले. "यस, मिस," म्हणाले. मला हसू आलं. ते हसले नाहीत. बोटीच्या कंपनीतल्या जुन्या पत्रांचा एक गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "तीन प्रती. चूक चालणार नाही."

यंत्राचा 'टी' अडकायचा. तासाभरात मला त्याची सवय झाली. मग बोटं चालू लागली. पण नऊच्या सुमाराला खालून आवाज यायला लागले. आईचं लाटणं घाईघाईनं चाललेलं, मध्येच थांबलेलं, भांडं पडलेलं. साडेनऊला डबेवाल्याची हाक आली. पावणेदहाला दुसरी. दहाला तो ओरडायलाच लागला. मी उठले.

"मिस," मालक कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "तुमचं घर इथून सहा मैल लांब आहे."

मी बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं चालत होती. त्या दिवशी डबे वीस मिनिटं उशिरा गेले आणि दोन डब्यांत कोशिंबीर नव्हती.

दुपारच्या सुट्टीत मालकांनी कोट काढून खुंटीला टांगला आणि पुन्हा नेहमीचे झाले. तेव्हा त्यांनी मला नोकरी सोडण्याची खरी गोष्ट सांगितली. हेडक्लार्क झाल्यावर त्यांचा पगार वाढला आणि घरी यायची वेळ साडेआठ झाली. तेव्हा ते परळला एका चाळीत राहत. चार वर्षं तसंच चाललं. एक दिवस ऑफिसात ताप भरला म्हणून ते दुपारी तीनला घरी आले, तर दाराबाहेर अकरा जोड चपला. ते म्हणाले, "मला वाटलं, कोणीतरी गेलं." आत बघतात तर अकरा बायका पाट्या घेऊन बसलेल्या आणि काकू उभं राहून बाराखडी शिकवताहेत.

"दोन वर्षं माझ्या घरात शाळा भरत होती," मालक म्हणाले, "आणि मला पत्ता नव्हता. घर माझं, बायको माझी, आणि मी पाहुणा. तेव्हाच ठरवलं, आता पुरे."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. पत्राला नकार द्यावा असंही वाटून गेलं. पण दोन वाजले आणि मालक उठले. छत्री घेतली आणि भर उन्हात निघून गेले.

त्यांचं हे दुपारचं फिरणं साऱ्या घाटकोपरला माहीत होतं. दोन ते चार, ऊन असो, पाऊस असो, हा माणूस छत्री घेऊन रस्त्यावर. डोक्यावर परिणाम झालाय, असंच लोक म्हणत. मीही म्हणायचे. दुपारी काकूंकडे बायका जमतात हे मी ऐकून होते, पण दोन्हींचा संबंध मला त्या दिवशी कळला. ते गेले आणि पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. बाहेरच्या खोलीत बायका जमल्या. आमच्या शेजारणी होत्या, खालच्या वाडीतल्या होत्या, एक भाजीवाली होती. मग एका सुरात वाचन सुरू झालं.

चारला वर्ग सुटल्यावर काकू आतल्या खोलीत आल्या. "तुला चपलांची गोष्ट सांगितली असेल ना यांनी?"

"हो."

"पुढची सांगितली नसेल." त्या माझ्याजवळ बसल्या. "हे नोकरी सोडून घरी बसले आणि माझी शाळा बंद पडली. पुरुषमाणूस घरात बसलेला, बायका येतील कशा? आणि हे आपले खुशीत, दिवसभर माझ्या पाठी पाठी. महिनाभर मी गप्प राहिले. मग स्पष्ट सांगितलं, दोन ते चार तुम्ही घरात दिसायचं नाही. यांनी छत्री उचलली आणि गेले. आधी परळला, मग इथं. आज आठ वर्षं झाली, एक दिवस चुकले नाहीत." उठता उठता म्हणाल्या, "चांगला आहे गं माणूस. पण स्वतःचे तास मोजताना दुसऱ्याचेही असतात, हे त्याला सांगावं लागतं."

दुसऱ्या दिवशी डबे दहा मिनिटं उशिरा गेले. तिसऱ्या दिवशी वेळेवर. मला आश्चर्य वाटलं. संध्याकाळी सव्वासहाला घरी येऊन बघते तर मांडणीवर तीन डबे पालथे घातलेले.

"हे काय?"

"तिघांना सांगितलं, दुसरीकडे सोय बघा," आई म्हणाली. "सहा मला एकटीला झेपतात."

"अगं, पण मी अजून हो म्हटलेलं नाही!"

"मी म्हटलं," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

चौथ्या दिवशी साडेपाचला मालकांनी कोट काढला नाही. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि हिशोब मांडला. शाळेसाठी मी घराबाहेर असते साडेसहा तास. कारखान्यासाठी असेन साडेअकरा. महिन्याचे दिवस धरले, गुणाकार केला, भागाकार केला आणि खाली दोन आकडे काढून त्यांच्याभोवती गोल केले. मी बघितले. दोन्ही जवळजवळ सारखेच. तासाला साडेसात आणे.

"बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज हळू होता. "तुला तासामागे एका आण्याचीही बढती मिळालेली नाही. ते फक्त तुझा जास्त भाग विकत घेताहेत. शिवाय सकाळचे तीन तास आईच्या अंगावर पडले, ते यात धरलेच नाहीत."

चार दिवस मी आनंदात होते, हे मलाच तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, कारण तो आनंद एकदम गेला. गठ्ठा संपत आला होता. माझ्या बोटांना वेग आला होता. शेवटच्या पानात एकही चूक नव्हती. आणि हा कागद सांगत होता की सगळं सारखंच आहे.

आई दारात उभी होती. साडेपाच होऊन गेले तरी मी जिना उतरले नाही म्हणून ती वर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आई एरवी चारचौघांत शहरातलं बोलायची, पण मनातून काही आलं की थेट गावच्या बोलीत जायची.

"मालकांनू," ती म्हणाली, "माका तुमचा गणित कळना नाय. पण शाळेतसून घराक येता तेव्हा हिचा तोंड तुमी बघल्यात? मी रोज बघतंय. आनी ह्ये चार दिवस जिन्यावरसून खाली येताना बघल्यात? बोलत येता. जेवतानाय बोलता. तो तास आनी ह्यो तास सारको कसो?"

मालकांनी कागद उचलला, चष्म्याजवळ नेला, जणू काही कुठे राहून गेलंय का ते शोधत होते. मग खाली ठेवला.

"हे माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. "मला माझी नोकरी कधी आवडलीच नव्हती, त्यामुळे लक्षात आलं नाही."

एवढ्या वयाच्या माणसानं एवढ्या सहज चूक कबूल केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही क्वचितच पाहिली.

पण ते तिथंच थांबले असते तर ते आमचे मालक कसले? दुसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेऊन निघाले ते थेट माहुलच्या बसमध्ये बसले. कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसले आणि साडेपाचला माणसं बाहेर पडताना बघून आले. संध्याकाळी आमच्या दारात उभे राहून त्यांनी आम्हाला अहवाल दिला.

"दोनशेच्या आसपास माणसं बाहेर पडली. अकरा हसत होती. एक गातही होता, पण तो बहुतेक रखवालदार होता. कारखान्याच्या मानानं बरं आहे. जा तू."

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मात्र सही करण्याआधी त्यांच्या साहेबाला भेट आणि एक गोष्ट माग. पगार वाढवून मागू नकोस. तो कोणीही मागतो, आणि त्याला नाही म्हणायची त्यांना सवय असते. वेळ माग. वेळेला नाही कसं म्हणायचं, ते त्यांना अजून ठाऊक नाही. शनिवारचा अर्धा दिवस माग."

"आणि पत्रच मागे घेतलं तर?"

"तर शाळा आहेच. पण घेणार नाहीत. चार दिवस तुझं काम मी बघितलंय."

मी पाच वाक्यं इंग्रजीत पाठ केली. साहेबांपुढे उभी राहिले तेव्हा त्यांतली दोनच आठवली. आई तीन डबे सोडून बसली आहे आणि मी हातातली नोकरी घालवायला आले आहे, असं सारखं मनात येत होतं. तरी म्हटलं, "सर, शनिवारी मला एक वाजता जायला मिळालं तर बरं होईल."

साहेब वयस्क होते. त्यांनी चष्मा काढला. "शनिवारी दुपारी तू काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर मालकांनी पाठ करून घेतलं नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं. "अजून ठरवलं नाही, सर."

ते मोठ्यानं हसले. बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, पाच रुपये कमी मिळतील, आणि शनिवारी एक वाजता कारखान्याची गाडी नसते, तुझं तू जायचं. कबूल? मी म्हटलं, कबूल. बाहेर आल्यावर फाटकापाशी रखवालदाराला शनिवारच्या एकच्या बसचं विचारून घेतलं. मग बस धरली.

त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काम केलं. ऑफिसची मुख्य झाले. सगळे दिवस सुखाचे होते असं नाही, पण सकाळी गाडीत बसताना जड वाटलं असे दिवस थोडे. आईनं पुढे सहाचे चार डबे केले आणि मग एक दिवस सगळेच बंद केले. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले. शेवटची काही वर्षं त्यांना दुपारी बाहेर जाववत नसे. तेव्हा काकूंच्या विद्यार्थिनींनीच सांगितलं की आता त्यांना घरात बसू दे. ते कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि बायकांचं वाचन ऐकत. मध्येच एखादीचा उच्चार सुधारायला जात, आणि काकू डोळे मोठे करत.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे एवढे लोक नोकरीचं विचारायला यायचे. कोणाचं चुकलं का कधी?"

"पुष्कळांचं," ते म्हणाले. "पण ज्यांनी आधी करून बघितलं, त्यांना निदान कशात चुकलो ते ठाऊक होतं."

माझ्या नोकरीतला पहिला शनिवार मला आजही लख्ख आठवतो. एक वाजता निघाले, चेंबूरला बस बदलली, टेकडी चढून घरी पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. उतारावर सगळीकडे दुपारची सामसूम होती. वरून बायकांच्या वाचण्याचा आवाज येत होता. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. मला वाटलं, आई जेवून आडवी झाली असेल.

आत दोन पाट मांडलेले होते. आईनं बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि भात नुकताच उतरवला होता. डबे सुरू केल्यापासून ती दुपारी तीनच्या पुढे, उरलंसुरलं घेऊन, चुलीपाशीच एकटी जेवायची. मला ते ऐकून माहीत होतं. पाहिलं मात्र फारसं नव्हतं, कारण सुट्या सोडल्या तर त्या वेळी मी शाळेत पावत्या फाडत असायचे.

आम्ही समोरासमोर बसलो. मी नव्या ऑफिसातलं सांगत होते, तिथल्या यंत्राचं, गाडीत शेजारी बसणाऱ्या बाईचं, रंगाच्या वासाचं. आई मान हलवत काटे काढत होती. सवयीनं मी भराभर जेवले आणि हात धुवायला उठायला लागले.

तिनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि ताटात भात वाढला.

"आनी घे गो," ती म्हणाली. "घाई कसली? सोमवारपर्यंत वेळ आसा."